पोपला हा अधिकार दिला कोणी?

पिंपळपान

८ मे २०२५ ला पोप लिओ चौदावे निवडले गेले तेव्हा सिस्टाइन चॅपेलच्या धुराड्याकडे डोळे लावून बसलेल्यांत मीही होतो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात दोन ख्रिस्ती सहकाऱ्यांची जुंपली. एक म्हणाला, हे पद खुद्द येशूने स्थापन केलंय. दुसरा म्हणाला, बायबलमध्ये पोप कुठे आहे ते दाखव, मी आजच कॅथलिक होतो. दोघंही अभ्यासू, त्यामुळे मध्ये तोंड घालायची माझी छाती झाली नाही.

बायबलमधल्या मत्तयचा सोळावा अध्याय काढून वाचला. येशू शिमोनाला म्हणतो, तू पेत्र आहेस, या खडकावर मी माझी मंडळी (म्हणजे चर्च) रचीन. स्वर्गाच्या राज्याच्या किल्ल्या तुला देईन, तू पृथ्वीवर जे बांधशील ते स्वर्गात बांधलं जाईल. इथवर ठीक. पण हे सगळं पेत्राला उद्देशून आहे. गालीलच्या एका कोळ्याला दिलेल्या किल्ल्या रोमच्या बिशपच्या कमरेला कशा आल्या? आणि तिथून 'पोप चुकूच शकत नाही' इथपर्यंत गाडी कशी पोचली?

जाणकारांनी लिहावं. हेटाळणी नको, शास्त्र आणि इतिहास हवा.

खवचट काकू

आले. खुर्ची टाकून बसते. शंभरी कुठे जात नाही या धाग्याची.

उत्तरवसई

मी वसईचा कॅथलिक, धर्मशिक्षणाचे वर्ग घेतो, त्यामुळे ही बाजू मांडायची जबाबदारी माझ्यावर येणार हे शीर्षक वाचूनच कळलं.

पहिली गोष्ट, आमची भिस्त एका वचनावर नाही. तीन जागा एकत्र वाचा. मत्तय १६ तुम्ही दिलंतच. लूक २२ मध्ये शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू म्हणतो की सैतानाने तुम्हा सगळ्यांना गव्हासारखं चाळायची मागणी केली आहे, पण शिमोना, तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे, तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर. चाळले जाणार सगळे, प्रार्थना मात्र एकासाठी. तिसरी जागा योहान २१. पुनरुत्थानानंतर सरोवराच्या काठी तीनदा प्रश्न आणि तीनदा आज्ञा: माझी कोकरे चार, माझी मेंढरे पाळ. शिवाय प्रेषितांच्या चारही याद्यांत पेत्राचं नाव पहिलं येतं, आणि शुभवर्तमानांतल्या तीन याद्यांत येशूला धरून देणाऱ्या यहूदाचं शेवटी.

किल्ल्यांचं म्हणाल तर त्यासाठी यशया २२ उघडायला हवं. यहूदा राज्याच्या राजवाड्याचा कारभारी शेबना याला देव पदावरून काढतो आणि त्याच्या जागी एल्याकीमला बसवतो, दाविदाच्या घराण्याची किल्ली त्याच्या खांद्यावर देतो. तो उघडेल ते कोणी बंद करणार नाही, तो बंद करेल ते कोणी उघडणार नाही. म्हणजे किल्ली माणसाची नसून पदाची. एक कारभारी गेला की दुसरा येतो. येशूचे शब्द ऐकणाऱ्या यहुदी माणसाच्या कानात हा अध्याय वाजणारच. आणि पद रिकामं झालं की भरायचं, हे प्रेषितांच्या कृत्यांत पहिल्याच अध्यायात दिसतं. यहूदाच्या जागी मत्थियाची निवड होते, ती कोणाच्या पुढाकाराने? पेत्राच्या.

नगरी_बाणा

उत्तरवसई, मांडणी नेहमीप्रमाणे नेटकी. आता आमची बाजू. (मी नगरचा, घराणं अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासूनचं प्रोटेस्टंट, आजोबा पाळक होते.)

यशया २२ अर्ध्यात का सोडलंत? २३व्या वचनात देव म्हणतो, मी त्याला मजबूत जागी खुंटीसारखा ठोकीन. २५व्या वचनात खुंटी उखडते आणि तिच्यावर टांगलेलं सगळं खाली येतं. आणि ही दाविदाची किल्ली नव्या करारात नेमकी कोणाच्या हातात आहे? प्रकटीकरण ३:७ वाचा. ख्रिस्ताच्या.

बांधणं आणि मोकळं करणं म्हणाल तर दोनच अध्यायांनंतर, मत्तय १८:१८ मध्ये, तोच अधिकार सगळ्या शिष्यांना दिलाय. पाया कोण? इफिसकरांस २:२० म्हणतं प्रेषित आणि संदेष्टे, कोनशिला ख्रिस्त. यरुशलेमच्या सभेत (कृत्ये १५) पेत्र बोलतो खरा, पण निर्णयाचे शब्द याकोबाचे. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर (यहुदी नसलेल्यांबरोबर) जेवायचा, यरुशलेमहून माणसं आली तसा मागे सरला, तेव्हा पौलाने त्याला तोंडावर विरोध केला (गलती २:११). पोपला कोणी कार्डिनल (पोपच्या खालोखालचा धर्मगुरू) असं चारचौघांत बोलेल का? आणि खुद्द पेत्र आपल्या पत्रात वडिलांना (म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यांना) उपदेश करताना स्वतःला काय म्हणवतो? सोबतीचा वडील. बास.

झुळूक

मत्तय १६ मध्ये १८व्या वचनात खडक आणि २३व्यात 'सैताना, माझ्यापासून दूर हो'. पाच वचनांत एवढी पदावनती आमच्या मंत्रालयात पण होत नाही.

उत्तरवसई

@झुळूक 😄 हे आमचे फादरही प्रवचनात सांगतात, फक्त मंत्रालय वगळून.

@नगरी_बाणा, मत्तय १८ मध्ये बांधायचा अधिकार सगळ्यांना आहे, मान्य. किल्ल्या मात्र तिथे नाहीत. सगळे बिशप प्रेषितांचे वारस आहेत हे आम्हीही मानतोच. गलतीकरांचं पत्र तर मला उलट बाजूने बोलतं असं वाटतं. पेत्राच्या जेवणाच्या पंगतीवरून एवढं वादळ उठतं, कारण त्याच्या वागण्याकडे बघून बर्णबासकट सगळे फिरले. पौल त्याच्या शिकवणुकीला चूक म्हणत नाही, शिकवणुकीप्रमाणे वागत नाहीस म्हणतो. पोप पापी असू शकतो, भित्रा असू शकतो. तसे झालेही आहेत, आणि आम्ही ते लपवत नाही.

भाषाभुंगा

ग्रीकमध्ये पेत्र म्हणजे पेत्रॉस, पुल्लिंगी, आणि खडक म्हणजे पेत्रा, स्त्रीलिंगी. म्हणून दोन्ही वेगळे, असं जुने प्रोटेस्टंट टीकाकार म्हणत.

नगरी_बाणा

@भाषाभुंगा, तो मुद्दा मी मुद्दामच काढला नाही. येशू अरामी बोलत होता, अरामीत दोन्हीकडे 'केफा'च. ऑस्कर कुलमन हे प्रोटेस्टंट पंडित, त्यांनी विसाव्या शतकात सरळ लिहिलं की खडक म्हणजे पेत्रच. फक्त ते पुढे म्हणतात की पाया एकदाच घातला जातो, दर पिढीत नवा घालत नाहीत. माझं मत नेमकं हेच आहे. बाकी खडक कोण यावर संत ऑगस्टीनचंही एकमत स्वतःशीच नव्हतं. आधी पेत्र म्हणाले, नंतर ख्रिस्त म्हणाले, आणि म्हातारपणी आपल्याच लिखाणाची उजळणी करताना वाचकावर सोडून मोकळे झाले.

खवचट काकू

वाचकावर सोडणारे संत. आपल्या इथे असते तर लगेच सदस्यत्व दिलं असतं.

जुनी पाटी

इतिहास शिकवतो, ख्रिस्ती नाही. पिंपळपान यांचा पहिला प्रश्न बाजूला पडतोय म्हणून लिहितो. पेत्र खडक होता हे क्षणभर धरून चालू. रोमचं काय?

नव्या करारात पेत्र रोमचा बिशप होता असं एकही वाक्य नाही. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या शेवटी 'बाबेल'मधून सलाम आहे आणि बाबेल म्हणजे रोम हा अर्थ बहुतेक अभ्यासक घेतात. तो रोममध्ये नीरोच्या काळात मारला गेला ही परंपरा जुनी आहे आणि तिला आव्हान देणारी दुसरी जागा कुठलीच नाही. इथवर जमीन बऱ्यापैकी पक्की.

पुढे गंमत आहे. इ.स. ९६ च्या आसपास रोमच्या मंडळीने करिंथच्या मंडळीला एक लांबलचक पत्र लिहिलं. करिंथकरांनी आपले वडील पदावरून हाकलले होते, त्यांना परत घ्या असं त्यात बजावलंय. कॅथलिक म्हणतात, बघा, योहान प्रेषित बहुधा हयात असताना रोम दुसऱ्या शहराच्या भांडणात हात घालतंय. बरोबर आहे, पण पत्रात लिहिणाऱ्याचं नाव नाही. क्लेमेंटचं नाव परंपरेने जोडलेलं. पत्र 'आम्ही' म्हणतं, 'मी' म्हणत नाही. त्यानंतर काही वर्षांनी अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस शिक्षेसाठी रोमला नेला जात होता. वाटेत त्याने सात पत्रं लिहिली. बाकीच्या मंडळ्यांना लिहिताना 'बिशपला धरून राहा' हा त्याचा धोशा. रोमला लिहिलेल्या पत्रात रोमच्या मंडळीची स्तुती भरपूर, पण तिथल्या बिशपचा उल्लेखच नाही. म्हणून आज बरेच इतिहासकार, त्यांत कॅथलिकही आले, असं मानतात की रोममध्ये दुसऱ्या शतकाच्या मध्यापर्यंत वडिलांचं मंडळ कारभार बघत असावं आणि एकच बिशप ही पद्धत नंतर रुळली.

साधारण १८० मध्ये इरेनियस पहिली यादी देतो: लायनस, अनाक्लीटस, क्लेमेंट आणि पुढे. तोही रोमची मंडळी पेत्र आणि पौल या दोघांनी उभारली म्हणतो. 'तू पेत्र आहेस' हे वचन रोमच्या बिशपने आपल्या अधिकारासाठी वापरल्याचा पहिला ठोस पुरावा २५० च्या दशकातला. पोप स्टीफन आणि कार्थेजचा सिप्रियन यांचं भांडण झालं, पाखंड्यांकडून झालेला बाप्तिस्मा धरायचा की नाही यावर. आणि तो दावाही आपल्याला विरोधकाच्याच पत्रातून कळतो. कप्पदुकियाचा बिशप फर्मिलियन चिडून सिप्रियनला लिहितो की हा स्टीफन पेत्राच्या गादीच्या गप्पा मारतोय.

पिंपळपान

जुनी पाटी, जबरदस्त. म्हणजे सुरुवातीला शहराची प्रतिष्ठा आणि मग पदाची?

जुनी पाटी

इतकं सरळही नाही. ४५१ ची खाल्केदोनची परिषद घ्या, कारण त्या एकाच परिषदेत दोन्ही उत्तरं सापडतात. पोप लिओ पहिले यांचं ख्रिस्ताच्या दोन स्वभावांबद्दलचं (दैवी आणि मानवी) पत्र वाचलं गेलं तेव्हा जमलेले बिशप ओरडले, 'पेत्र लिओच्या मुखाने बोलला!' हे कॅथलिकांचं आवडतं वाक्य. त्याच परिषदेचा अठ्ठाविसावा नियम म्हणतो की जुन्या रोमला पूर्वजांनी मान दिला तो ते बादशाही शहर म्हणून, आता कॉन्स्टँटिनोपल नवं रोम आहे तेव्हा त्यालाही तसाच मान द्यावा. हे पूर्वेकडच्यांचं, म्हणजे ऑर्थोडॉक्स ख्रिस्त्यांचं, आवडतं वाक्य. लिओंनी तो नियम फेटाळला. का? त्यांच्या मते रोमचा मान बादशहामुळे नव्हताच, पेत्रामुळे होता. शहर पडलं तरी गादी राहते. पश्चिमेचं साम्राज्य ४७६ मध्ये संपलं आणि गादी खरोखरच राहिली. हा युक्तिवाद पुरावा नव्हे, पण लोकांच्या मनावर त्याचा काय परिणाम झाला असेल याची कल्पना करा.

निलगिरी चहा

पुण्यात वाढलेला मल्याळी, सुरियानी ऑर्थोडॉक्स. आम्हाला कोणी विचारतच नाही म्हणून स्वतःहून आलो.

पेत्राची गादी म्हणाल तर ती अंत्युखियातही आहे. परंपरेप्रमाणे पेत्र रोमच्या आधी तिथे होता, आणि अंत्युखियाचे सुरियानी पत्रिआर्क (प्रमुख धर्मगुरू) आजही स्वतःला पेत्राच्या गादीवरचे म्हणवतात. मग किल्ल्या रोमलाच का? पूर्वेकडचं उत्तर साधारण असं की प्रत्येक बिशप आपल्या जागी पेत्राच्याच गादीवर बसतो आणि रोमचा बिशप समानांमधला पहिला. पहिला मान, हुकूम नाही. गंमत म्हणजे सहाव्या शतकाच्या शेवटी कॉन्स्टँटिनोपलच्या पत्रिआर्कने 'सार्वत्रिक' अशी पदवी लावली तेव्हा ती उद्धट आहे म्हणून सगळ्यात जास्त आरडाओरड करणारे होते पोप ग्रेगरी पहिले!

केरळात हा वाद पुस्तकी नव्हता. ३ जानेवारी १६५३ ला मट्टांचेरीला आमच्या पूर्वजांनी क्रुसाला दोर बांधून, तो हाताला धरून शपथ घेतली की यापुढे जेझुइटांच्या (एका कॅथलिक धर्मगुरू-संघाच्या) अंमलाखाली राहणार नाही. सगळ्यांचे हात क्रुसापर्यंत पोचेनात म्हणून दोर. ती शपथ पोपविरुद्ध होती की फक्त जेझुइटांविरुद्ध, यावर आमच्यात आणि पोपला मानणाऱ्या सिरो-मलबार मंडळींत अजून वाजतं.

देशस्थ_इन_दुबई

आपल्या शंकराचार्यांच्या चार पीठांसारखं झालं हे. प्रत्येक जण म्हणणार मूळ परंपरा आमची.

उत्तरवसई

@देशस्थ_इन_दुबई, अंत्युखियाच्या बाबतीत चालेल, रोमच्या बाबतीत नाही. कुठलंही पीठ बाकीच्या पीठांवर थेट अधिकार सांगत नाही. पोपचा दावा नेमका तशाच अधिकाराचा आहे. कॅनन लॉच्या (कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या) १९८३ च्या संहितेत ३३१वा नियम शब्द मोजून मापून सांगतो: सर्वोच्च, पूर्ण, थेट, सार्वत्रिक, आणि तो केव्हाही मोकळेपणाने वापरता येतो.

मडगांवची माई

गोंयकारांना विचारा तो 'थेट' अधिकार कसा चालला ते! अवांतर आहे, पण लिहितेच.

पोपनेच पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडच्या चर्चचा पाद्रुआदो दिलेला. बिशप कोण व्हावा ते राजा सुचवणार, खर्च राजा करणार. पोर्तुगीज ढिले पडले तशी रोमने १६२२ मध्ये प्रोपागांडा नावाचं स्वतःचं खातं काढलं आणि थेट माणसं पाठवायला लागले. दिवाडीचे मातेउस द कास्त्रू, लॅटिन पंथातले पहिले भारतीय बिशप, त्यांना गोव्यात पोर्तुगीज आर्चबिशप उभे करेनात, रोमने बिशप केलं. १८३८ मध्ये पोप ग्रेगरी सोळावे यांनी फर्मान काढलं की ब्रिटिश मुलुखातला पाद्रुआदोचा अधिकार संपला. गोव्याचे पाद्री म्हणाले, राजाच्या संमतीशिवाय पोपला हे करताच येत नाही! आणि हे म्हणणारे सगळे पक्के कॅथलिक, रोज मिस्सा (चर्चमधली उपासना) करणारे.

मुंबईत तर १७९४ पासून दोन-दोन अंमल. एकाच भागात एक चर्च गोव्याच्या आर्चबिशपच्या हाताखाली, दुसरं रोमने नेमलेल्या व्हिकरच्या, म्हणजे पोपच्या प्रतिनिधीच्या. लग्नाला कुठल्या चर्चात जायचं यावरून घरात भांडणं. मिटलं ते १९२८ मध्ये, आणि कसं? मुंबईचा आर्चबिशप एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश, आळीपाळीने. शेवटी १९५० मध्ये इंग्रज आर्चबिशप रॉबर्ट्स स्वतः बाजूला झाले आणि आमचे वलेरियन ग्रेशियस आले. मत्तय सोळा सगळ्यांना पाठ होता हो, तरी दीडशे वर्षं गेली.

खवचट काकू

माई, हा वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देते. आणि कार्डिनल लोकांनी पोप निवडायचा हे तरी बायबलात आहे का?

मडगांवची माई

ना गे. १०५९ मध्ये पोप निकोलस दुसरे यांनी ते कार्डिनलांकडे दिलं. त्याआधी रोमचे पाद्री, लोक, बादशहा, सरदार, ज्याचा हात वर त्याचा. आता ऐंशीच्या आतलेच मत देतात. २०२५ मध्ये १३३ होते, त्यांत आमचे गोव्याचे फिलिप नेरी फेर्रांव पण.

म्युन्शेनकर

दुसऱ्या प्रश्नाला हात घालतो, 'पोप चुकूच शकत नाही' वाला. हा वाद जिथे सगळ्यात जास्त पेटला त्या म्युनिकमध्ये राहतो म्हणून थोडं वाचन झालंय.

हा सिद्धांत जाहीर झाला १८ जुलै १८७० ला, पहिल्या व्हॅटिकन परिषदेत. पाच दिवस आधी चाचणी मतदान झालं: ४५१ बाजूने, ८८ विरुद्ध, ६२ जणांचं 'दुरुस्तीसह मान्य'. विरोधकांपैकी बरेच जण म्हणत होते की तत्त्व ठीक आहे पण आत्ता जाहीर करायची वेळ नाही. काही जणांचा मात्र मुळातच आक्षेप होता. अंतिम मतदानाच्या आदल्या दिवशी पन्नासहून जास्त बिशप पोप पायस नववे यांना पत्र देऊन रोम सोडून गेले, तुमच्या तोंडावर 'नाही' म्हणवत नाही म्हणून. १८ तारखेला ५३३ विरुद्ध २. ते दोन कोण? एक इटलीतल्या कायाझ्झोचा आणि दुसरा अमेरिकेतल्या लिटल रॉकचा बिशप. बाहेर विजा कडाडत होत्या, सेंट पीटर्समध्ये इतका अंधार की पोपना वाचायला मेणबत्ती आणावी लागली. समर्थकांना त्यात सीनाय पर्वत (जिथे विजांच्या कडकडाटात देवाने मोशेला आज्ञा दिल्या) दिसला, विरोधकांना देवाचा कोप. निकाल लागल्यावर ते दोघंही पुढे आले आणि मान्यता दिली. दुसऱ्याच दिवशी फ्रान्सने प्रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं, रोममधलं फ्रेंच सैन्य परत गेलं, आणि २० सप्टेंबरला इटलीच्या फौजा शहरात शिरल्या. दोन महिन्यांत पोपचा सिद्धांत आला आणि राज्य गेलं.

पण ठरावाचा मजकूर नीट वाचा. पोप अचूक केव्हा? सगळ्या ख्रिस्ती लोकांचा मेंढपाळ आणि शिक्षक या नात्याने बोलत असेल, आपला सर्वोच्च प्रेषितीय अधिकार वापरत असेल, विषय श्रद्धेचा किंवा नीतीचा असेल, आणि अवघ्या ख्रिस्तसभेने हे मानावं असं अंतिमतः ठरवून सांगत असेल. चारही गोष्टी एकदम जुळल्या पाहिजेत. मग मात्र असा निर्णय 'आपोआपच अपरिवर्तनीय, सभेच्या संमतीमुळे नव्हे'. पूर्वेकडच्यांच्या आणि इथल्या जर्मनांच्या घशात अडकलं ते हे शेवटचं वाक्य.

म्युनिकचे इग्नाझ फॉन ड्योलिंगर, त्या काळातले मोठे कॅथलिक इतिहासकार, म्हणाले की ख्रिस्ती म्हणून, धर्मशास्त्राचा अभ्यासक म्हणून, इतिहासकार म्हणून आणि नागरिक म्हणून मला हे स्वीकारता येत नाही. १८७१ मध्ये त्यांना बहिष्कृत केलं. त्या वादातून निघालेल्या 'जुन्या कॅथलिकां'ची चर्चेस इथे अजून आहेत, छोटी, पण आहेत.

झुळूक

म्हणजे पोप म्हणाले 'उद्या पाऊस पडेल' तर छत्री घ्यायची की नाही?

उत्तरवसई

घ्या, पण श्रद्धेपोटी नको. १८७० नंतर हा अधिकार वापरल्याचं सगळ्यांना निर्विवाद मान्य असलेलं उदाहरण एकच: १ नोव्हेंबर १९५०, पायस बारावे, मरिया मातेचं सदेह स्वर्गारोहण. (आमच्याकडे १५ ऑगस्टला डबल सण असतो तो याचा.) त्याआधी १८५४ चं, मरिया पापाच्या डागाविना गर्भात आली हे. विमानात पत्रकारांशी मारलेल्या गप्पा, मुलाखती यांतलं काहीच त्यात बसत नाही. रोजच्या शिकवणुकीला मान द्यायचा, पण तो वेगळ्या दर्जाचा.

वाचकमात्र

परिषदेत श्ट्रोसमायर नावाच्या बिशपचं एक घणाघाती भाषण झालं होतं ना, पेत्र कधी पोप नव्हताच वगैरे? व्हॉट्सअॅपवर फिरत असतं.

म्युन्शेनकर

बनावट आहे ते. श्ट्रोसमायर विरोधात होते आणि परिषदेत दणकून बोललेही, पण ते भाषण त्यांचं नाही. त्यांनी स्वतः नाकारलं होतं.

नगरी_बाणा

आमच्या बाजूने फिरणारी बनावट पत्रकं आम्हीच थांबवायला हवीत, धन्यवाद. पण खरं उदाहरण घ्या: पोप ऑनोरियस. ख्रिस्ताला एकच इच्छाशक्ती होती या मताला त्यांनी पत्रांतून दुजोरा दिला. ते वारल्यावर ६८०-८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने पाखंड्यांच्या यादीत त्यांचं नाव घालून धिक्कार केला, आणि परिषदेनंतर आलेल्या पोपने, लिओ दुसऱ्यांनी, तो निर्णय मान्य केला. आता?

उत्तरवसई

ती खासगी पत्रं होती, साऱ्या ख्रिस्तसभेला बांधणारा निर्णय नव्हता. लिओ दुसऱ्यांनीही त्यांना दोष दिला तो मुख्यतः ढिलाईचा, पाखंडाला आळा न घातल्याचा.

नगरी_बाणा

एका पत्रिआर्कने दुसऱ्या पत्रिआर्कला श्रद्धेच्या प्रश्नावर अधिकृत विचारणा केली, त्याचं उत्तर खासगी? मग तुमचा नियम असा होतो की चूक निघाली तर ते अधिकृत नव्हतं आणि चूक निघाली नाही तर होतं. अशी परीक्षा मीही पहिल्या वर्गात पास होईन.

खवचट काकू

🍿

उत्तरवसई

नियम आधी लिहिला आणि ऑनोरियस नंतर आले असते तर हा आरोप बसला असता. १८७० च्या परिषदेसमोर ऑनोरियसचं प्रकरण टेबलावर होतं, विरोधकांनी आठवडेच्या आठवडे ते वाजवलं. अटी इतक्या कडक झाल्या त्याचं ते एक कारण आहे. मला याची लाज वाटत नाही. टोकाची मागणी करणारे तेव्हा हरले.

पुरोगामी_पाटील

इतकं कशाला, बादशहा कॉन्स्टंटाइनने पोपला पश्चिमेची सत्ता दिली असं सांगणारं दानपत्रच खोटं निघालं ना? सगळा डोलारा बनावट कागदावर.

जुनी पाटी

नाही. दानपत्र आठव्या शतकातलं बनावट, लोरेन्झो वाल्लाने १४४० मध्ये लॅटिनची वाक्यं तपासून ते उघडं पाडलं, खरं आहे. पण त्याचा वापर झाला तो मुख्यतः पोपच्या राजकीय सत्तेसाठी. लिओ पहिले त्याच्या तीनशे वर्षं आधीचे. पेत्राच्या वारशाचा दावा त्या कागदाआधी पूर्ण तयार होता.

उत्तरवसईंना माझा प्रश्न दुसराच आहे. १४०९ नंतर एकाच वेळी तीन पोप होते. कॉन्स्टन्सच्या परिषदेने १४१५ मध्ये जाहीर केलं की आमचा अधिकार थेट ख्रिस्ताकडून आहे आणि पोपनेही तो मानला पाहिजे. मग दोघांना काढलं, तिसऱ्याने राजीनामा दिला, १४१७ मध्ये मार्टिन पाचवे निवडले. म्हणजे आजची सगळी पोप-परंपरा त्या परिषदेच्या निर्णयावर उभी आहे. आणि १४६० मध्ये पोप पायस दुसरे सांगतात की पोपच्या वर परिषदेकडे दाद मागणं हाच गुन्हा!

उत्तरवसई

ज्याने राजीनामा दिला ते ग्रेगरी बारावे हेच खरे पोप होते, त्यांनी आधी परिषद स्वतःच्या नावाने रीतसर बोलावली आणि मग पद सोडलं, असं आमचं उत्तर आहे. तुम्हाला ते वकिली वाटेल.

जुनी पाटी

वाटतं. पण वकिली चांगली आहे.

संपादक मंडळ

चर्चा चांगली चालू आहे. मुलांवरच्या अत्याचारांच्या प्रकरणांबद्दल आलेले दोन प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. विषय गंभीर आहे, तिथे लिहा.

पिंपळपान

इतकं वाचून पहिला प्रश्न थोडा धारदार करतो. उत्तरवसई, रोम कुठून आलं याचं शास्त्रातलं उत्तर नाहीच, असं मी समजू का?

उत्तरवसई

वचन दाखवा म्हणाल तर नाही. शास्त्र पेत्रापर्यंत आणतं. पेत्राचं काम त्याच्याबरोबर संपणारं नव्हतं, हे मी यशया आणि मत्थियाच्या निवडीवरून म्हणतो, तो निष्कर्ष आहे. रोम मात्र परंपरेतून. पण 'फक्त शास्त्र' ही अट आमची नाहीच, ती सोळाव्या शतकातली. नव्या करारात कुठली सत्तावीस पुस्तकं घ्यायची ही यादी तरी शास्त्रात कुठे आहे? ती परंपरेनेच दिली आणि नगरी_बाणाही ती वापरतात.

नगरी_बाणा

वापरतो, कारण मंडळीने ती पुस्तकं ओळखली, त्यांना अधिकार दिला नाही. सोनाराने सोनं पारखलं म्हणून सोनं त्याच्यामुळे झालं असं होत नाही. यादी मान्य केली म्हणून चौदाशे वर्षांनंतरचं सगळं मान्य करावं लागत नाही. तरी हे उत्तर प्रामाणिक आहे, आमच्या नगरच्या वादसभांत एवढं सरळ कोणी बोलत नाही.

निलगिरी चहा

मला तर दोघंही पश्चिमेकडचेच वाटता. परंपरा आम्हालाही मान्य, आणि त्याच परंपरेत आम्हाला हुकूम चालवणारा पोप दिसत नाही.

म्युन्शेनकर

@निलगिरी चहा, यावर रोममध्येही हालचाल आहे. जॉन पॉल दुसऱ्यांनी १९९५ मध्ये इतर ख्रिस्ती पंथांनाच विचारलं की हे पद तुम्हालाही मान्य होईल अशा तऱ्हेने कसं चालवता येईल ते सुचवा. २०२४ मध्ये व्हॅटिकनच्या ख्रिस्ती ऐक्य खात्याने आलेल्या उत्तरांचा अभ्यास छापला. पहिल्या व्हॅटिकन परिषदेच्या शब्दांचं नव्याने वाचन व्हावं अशी सूचना त्यात आहे. आणि १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने बिशपांचा समूह पोपसह सर्वोच्च अधिकाराचा धनी आहे असं म्हटलंच होतं. लगेच पुढे 'पण पोपशिवाय नाही' अशी पुरवणीही जोडली.

पिंपळपान

आणि पोपचं म्हणणं न पटणारा साधा कॅथलिक काय करतो?

उत्तरवसई

कुरकुरतो. 😄 गंभीरपणे: पहिल्या पीठाचा (म्हणजे पोपचा) न्याय कोणी करायचा नाही असा १४०४वा नियम आहे, पण आपलं मत धर्मगुरूंपुढे मांडायचा हक्क, कधी कर्तव्यही, २१२व्या नियमात दिलाय. इंग्लंडमधले न्यूमन, जे पुढे कार्डिनल झाले, १८७५ मध्ये म्हणाले होते की भोजनानंतर धर्माच्या नावाने पेला उंचवायचाच असेल तर मी पोपसाठी उंचवीन, पण आधी सदसद्विवेकासाठी, मग पोपसाठी.

आणि रोजच्या आयुष्यात हा अधिकार दिसतो तो एवढाच: मिस्सेच्या मुख्य प्रार्थनेत पोपमहोदयांचं आणि आमच्या बिशपांचं नाव येतं. २१ एप्रिलला फ्रान्सिस वारले, त्यानंतर आमचे फादर त्या ओळीवर आले की पहिलं नाव गाळून थेट बिशपांच्या नावावर जायचे. सवयीने एकदा 'फ्रान्सिस' निघून गेलं तोंडातून, पुढच्या बाकावरच्या आज्यांनी मान वर करून बघितलं. ९ मेच्या सकाळच्या मिस्सेला 'लिओ' आलं.

मडगांवची माई

आमच्या फादरांनी तर पहिल्या दिवशी 'लिओ तेरावे' म्हटलं. एकशे वीस वर्षं मागे गेले.

खवचट काकू

जुनी पाटी, ते तीन पोपांचं प्रकरण सविस्तर लिहा ना वेगळ्या धाग्यात. एकाच वेळी तीन, आणि तिघांनी एकमेकांना बहिष्कृत केलेलं, हे अर्धवट सोडू नका.

जुनी पाटी

लिहितो, पण दिवाळीच्या सुट्टीत. सध्या घटक चाचणीचे गठ्ठे पडलेत तपासायला.